वरकस उतारावर वाळ्याचा जिवंत बांध: ओळ कशी आखायची, ठोंब किती लागतात आणि कुठे फसतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात राहणाऱ्या एका कुटुंबाची मुरबाड तालुक्यात दोन एकर वरकस, म्हणजे उताराची हलकी, जमीन आहे. उताराला आडवी रुंदी साधारण ८० मीटर, वरून खाली लांबी १०० मीटर, आणि तेवढ्यात जमीन १२ मीटर उतरते. वरच्या अंगाला आंब्याची कलमं, बाकी नाचणी आणि वरी. गेल्या वर्षी जेसीबीने मातीचे दोन बांध घातले. जुलैत दोन्ही फुटले आणि जिथे फुटले तिथून कमरेएवढी ओघळ पडली. वाळ्याचं गवत ओळीने लावून माती थांबेल का, किती लावायचा, आणि सोसायटीच्या मागे टेकडी कापून केलेल्या उतारावरही तो चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

माती थांबेल, पण एका अटीवर: ओळीत फट राहता कामा नये. पुढचं जवळजवळ सगळं या एका अटीसाठीच आहे.

आधी बांध का फुटले ते पाहू, म्हणजे वाळा काय वेगळं करतो ते कळेल. या पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटर होणं नवलाचं नाही. १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे दोन एकरांवर आठ लाख लिटर पाणी, दहा हजार लिटरचे ८० टँकर. मातीचा बांध हे पाणी अडवायला बघतो. बांध कितीही सरळ दिसला तरी त्याच्यामागची जमीन कुठेतरी चार बोटं खोल असते. पाणी तिथे गोळा होतं, तिथूनच बांधावरून उलटतं आणि जेसीबीने ओढलेली सैल मुरमाड माती तासाभरात कापून नेतं. सांडवा, म्हणजे जादा पाण्याला वाट, न ठेवता १२ टक्के उतारावर घातलेला मातीचा बांध टिकत नाही. आणि फुटला की बांध नसता त्याहून जास्त नुकसान करतो, कारण सगळ्या रानाचं पाणी एकाच तोंडातून जातं.

वाळ्याची ओळ पाणी अडवत नाही, त्याची धाव मोडते. दाट ओळीमागे काडीकचरा अडकतो, दोन-चार इंच पाणी तुंबतं, ओळीच्या सगळ्या लांबीतून झिरपत पलीकडे जातं आणि तुंबलेल्या पाण्यातली माती अलीकडेच बसते. दोन-तीन पावसाळ्यांत ओळीच्या वरच्या अंगाला वीतभर गाळ साठतो. वाळा गाळात पुरला जात नाही, वरच्या पेरातून नवी मुळं टाकून गाळाबरोबर वर येतो. अशा ओळींमध्ये हळूहळू पायऱ्या तयार होतात, कुदळ न लावता.

तुमच्या रानात माती किती जाते हे बघायचं असेल तर मोठ्या पावसानंतर नाचणीच्या ओळींत खाली बसून पाहा. लहान खडे मातीच्या बारीक खांबांवर उभे दिसतील. खड्याखालची माती थेंबांच्या माऱ्यातून वाचलेली असते, आजूबाजूची गेलेली असते. त्या खांबाची उंची हीच गेलेल्या थराची उंची. एक मिलिमीटर थर एकरभरातून गेला तर चार घनमीटर, म्हणजे पाच टनांच्या वर माती गेली. खांब काडेपेटीच्या जाडीएवढे असतील तर आकडा काय होतो त्याचा हिशोब घरी करा.

आता वाळा कोणता. माठात टाकायची सुगंधी मुळं देणारं, उन्हाळ्यात ज्याचे पडदे करतात तेच हे गवत, पण बेणं घेताना दोन गोष्टी तपासा. पहिली ओळख: वाळ्याच्या मुळाला वास असतो, पानाला नसतो. गवती चहाचं उलट. वाळ्याचा फुटवा बुडाशी पंख्यासारखा चपटा असतो आणि पात ताठ, कडेला खरबरीत असते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: उत्तर भारतात नदीकाठी आपोआप उगवणारा वाळा बी धरतो आणि पसरतो. दक्षिणेकडच्या लागवडीतला वाळा फुलला तरी त्याचं बी रुजत नाही. बांधासाठी हा न पसरणारा प्रकार हवा. बेणं देणाऱ्याच्या मूळ वाफ्याभोवती फिरून पाहा. वाफ्याबाहेर वाळ्याची बारीक रोपं उगवलेली दिसली तर ते बेणं घेऊ नका.

हे काही नवं तंत्र नाही. कर्नाटकात गुंडलुपेट भागातले शेतकरी शेताच्या हद्दीवर वाळा पिढ्यान् पिढ्या राखत आले. फिजीमध्ये उसाच्या उतारांवर १९५० च्या दशकात तो वापरला गेला. तिथे काम केलेले जॉन ग्रीनफील्ड आणि त्यांचे सहकारी रिचर्ड ग्रिमशॉ यांनी १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या भारतातल्या पाणलोट कामांमधून तो पुन्हा पुढे आणला. खोल जमिनीत त्याची मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात. आपल्याकडे दीड-दोन फुटांवर मुरूम लागतो, तिथे ती मुरमाच्या भेगांत शिरतात. कातळ वर आलेला असेल तिथे मात्र वाळा धरत नाही, तेवढ्या तुकड्यात दगड रचावेत.

ओळ आखणं हे पहिलं खरं काम, आणि ते मे महिन्यातच उरका. ओळ समपातळीत, म्हणजे सगळीकडे एकाच उंचीवर हवी. त्यासाठी सात-सात फुटांचे दोन बांबू वर एकत्र बांधा, खालचे पाय बरोबर दोन मीटर फाकवा, कमरेच्या उंचीवर आडवी काठी बांधा आणि टोकावरून दोरीला दगड लटकवून ओळंबा करा. चौकट खरी करून घ्यायला विसरू नका: दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, पायांच्या जागी खुंट्या मारून, आडव्या काठीवर दोरी जिथे येते तिथे खूण करा. मग चौकट फिरवून डावा पाय उजव्या खुंटीवर, उजवा डाव्या खुंटीवर ठेवा आणि पुन्हा खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी खूण, ती तुमची पातळी. दोरी त्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय समपातळीत. आता एक पाय जागेवर ठेवून दुसरा वर-खाली सरकवत दर दोन मीटरला खुंटी मारत जा. वाऱ्यात ओळंबा डोलतो, म्हणून हे काम सकाळी लवकर करा. गवंड्याची पाण्याची नळी असेल तर तीही चालते, दोन माणसं लागतात एवढंच.

खुंट्या मारून झाल्यावर ओळ वाकडीतिकडी दिसेल. नांगर फिरेल इतपत ती डोळ्यांनी गोलसर करा, पण एखादी खुंटी वीतभरापेक्षा जास्त सरकवू नका. ओळीची दोन्ही टोकं शेवटच्या दोन मीटरांत थोडी वर, चढाकडे वळवा. हे राहिलं तर पाणी ओळीच्या टोकाला वळसा घालून शेजाऱ्याच्या बांधाखालून नवी ओघळ पाडतं.

दोन ओळींतलं अंतर उतारावर ठरतं. दर दीड मीटर उंचीच्या फरकाला एक ओळ हा हिशोब तुमच्या जमिनीला बरोबर बसतो. उतार १२ टक्के, म्हणून १.५ भागिले ०.१२, म्हणजे साडेबारा मीटरला एक ओळ. १०० मीटरांत आठ ओळी, प्रत्येकी ८० मीटर, एकूण ६४० मीटर. ठोंब, म्हणजे मुळांसकट काढलेले फुटव्यांचे जुडगे, १२ सेंटिमीटरवर लावायचे, म्हणजे सुमारे ५,३३०. नांग्या, म्हणजे मेलेल्या ठोंबांच्या रिकाम्या जागा, भरायला पंधरा-वीस टक्के जास्त धरले की सव्वासहा हजार. एका ठोंबात तीन फुटवे असावेत, एकेरी फुटवा लावला की नांग्या फार पडतात.

खर्च वाचवायला इथेच हात आखडता घेतला जातो. फूटफूट अंतरावर ठोंब लावले, 'पुढे पसरेलच' म्हणून. न पसरणारा वाळा फार सावकाश रुंदावतो, फूटभर फट भरायला त्याला तीन-चार वर्षं लागू शकतात. तोवर प्रत्येक फटीतून पाणी जास्त जोराने जातं, कारण दोन्ही बाजूंच्या ठोंबांनी ते मध्ये ढकललेलं असतं. अशी ओळ लावण्यापेक्षा न लावलेली बरी. पैसे कमी असतील तर आठ विरळ ओळींऐवजी वरच्या दोन ओळी दाट लावा. सुरुवात नेहमी वरून, कारण वरचं पाणी मोडलं नाही तर खालच्या कोवळ्या ओळी टिकत नाहीत.

दुसरा मार्ग म्हणजे एक वर्ष थांबून बेणं घरीच वाढवणं, आणि पाण्याची सोय असेल तर तोच मार्ग शहाणपणाचा. ६२५ ठोंब आणून एक फूट बाय एक फूट अंतरावर लावा. ६२५ चौरस फूट म्हणजे चालायला जागा धरून पाऊण गुंठा. जागा पूर्ण उन्हाची हवी. भाताचं खाचर रिकामं असेल तर माती भुसभुशीत करून तिथे लावा म्हणजे ठोंब उपटताना मुळं तुटत नाहीत. शेणखत घाला, महिन्याने थोडा युरिया, उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी, आणि पात गुडघ्याच्या वर गेली की वीत-दीड वीत ठेवून कापा. कापल्याशिवाय फुटवे सुटत नाहीत. वर्षभरात एका ठोंबाचे तीस-चाळीस फुटवे होतात, म्हणजे लावणीजोगे दहा-बारा ठोंब.

लावणीचा काळ थोडा असतो. मृगाचे दोन-तीन मोठे पाऊस होऊन माती वीतभर ओली झाली की सुरुवात, आणि आर्द्रा संपेपर्यंत लावणी पूर्ण. भाताची आवणी याच दिवसांत येते आणि माणसं तिकडे जातात, म्हणून वाळ्याचे दिवस आधीच ठरवून ठेवा. १५ जुलैनंतर लावलेली ओळ ऑगस्टमध्ये हिरवीगार दिसते आणि पुढच्या मार्चमध्ये वाळून जाते. पाऊस थांबेपर्यंत मुळं मुरमात उतरलेली नसतात, आणि आपल्याकडे त्यानंतर आठ महिने कोरडे.

आखलेल्या रेषेवर लाकडी नांगराने किंवा कुदळीने वीतभर खोल सरी काढा. माती खालच्या अंगाला टाका. सरीत दर दोन-तीन मीटरला एक घमेलं कुजलेलं शेणखत पसरा. ताजं शेण नको, वाळवी लागते. ठोंब काढताना पात २० सेंटिमीटरवर छाटा, मुळं १० सेंटिमीटर ठेवा, वाळकी पानं सोलून टाका. लांब पात ठेवली तर मुळं धरण्याआधी ती ठोंबातलं पाणी उडवते, लांब मुळं सरीत दुमडतात. काढलेले ठोंब ओल्या गोणपाटात सावलीत ठेवा, दोन दिवसांच्या आत लावा. लावताना मुळं शेण-मातीच्या काल्यात बुडवा. ठोंब इतका पुरा की मूळ आणि पात जुळतात तो गाठीसारखा भाग मातीच्या दोन बोटं खाली जाईल. त्याहून खोल गेला तर तुंबलेल्या पाण्यात कुजतो, वर राहिला तर पहिल्या उघडिपीत सुकतो. पायाने दोन्ही बाजूंनी घट्ट दाबा. लावल्यावर पात धरून हलकेच ओढून पाहा. ठोंब हाताला आला तर पावसालाही येणार.

पहिले सहा आठवडे ओळ अगदी कमजोर असते. मोठ्या सरीनंतर रेनकोट घालून ओळीच्या वरून चालत जा. जिथे काडीकचरा ओळीला सारखा चिकटलाय आणि पाणी जवळजवळ नितळ होऊन पलीकडे जातंय तिथे काम झालं. जिथे कचरा नाही, पात एका दिशेने झोपलीये आणि तांबडं पाणी धारेने जातंय तिथे ठोंब गेलेला किंवा ओळ खोल गेलेली. त्याच दिवशी तिथे वरच्या अंगाला चार दगड किंवा पेंढ्याची जुडी आडवी टाका आणि नवे ठोंब ठासून भरा. जुलैअखेर एकदा, ऑगस्टच्या मध्याला एकदा, पुढच्या जूनमध्ये पुन्हा एकदा, अशा तीन वेळा नांग्या भरल्या तरच ओळ सलग होते. या तीन फेऱ्यांसाठी जास्तीचे ठोंब रानातच एका वाफ्यात लावून ठेवा, ऐन पावसात ठाण्याहून घेऊन जाणं होत नाही.

तुमच्या फुटलेल्या बांधांच्या ओघळीवर मात्र आधी दगडी काम करा. कमरेएवढ्या ओघळीत नुसते ठोंब लावले तर पहिल्याच पावसात वाहून जातील. ओघळीच्या तळाला दर तीन-चार मीटरवर अनघड दगडांचे दोन फूट उंचीचे बांध रचा, मोठे दगड खाली, मधला भाग कडेपेक्षा वीतभर खोल ठेवा म्हणजे पाणी मधूनच जाईल, कडा कापणार नाही. दगडांमागे गाळ साठला की त्या गाळात वाळा लावा. उरलेल्या फुटक्या बांधांची माती ओळीच्या आड येत असेल तर सपाट करून टाका. सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे एकाच पातळीतले चर, खणावेत का, असाही विचार असेल. तुमच्या पातळ मातीच्या रानात चर दोन पावसाळ्यांत गाळाने भरतात. खणलेच तर चराच्या खालच्या ढिगाऱ्यालगत वाळ्याची ओळ हवीच.

गुरं आणि वणवा, ही दोन संकटं पावसाळ्यानंतरची. जून झालेला वाळा गुरं सहसा तोंडात धरत नाहीत, पण पहिल्या वर्षाची कोवळी पात खातात आणि खाताना ठोंबच उपटतात. नाचणी निघाली की गुरं मोकळी सुटतात, म्हणून पहिल्या हिवाळ्यात करवंदीच्या किंवा बोराटीच्या काट्यांची झाप ओळीवर टाका, आणि गावात गुराख्यांशी बोलून ठेवा. वणव्यातून मुरलेला वाळा मातीखालच्या गाठीतून पुन्हा फुटतो, पहिल्या वर्षाचा फुटेलच असं नाही. नोव्हेंबरमध्ये ओळ फूट-दीड फुटावर कापून पात बाजूला न्या, कलमांच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरा, आणि रानाच्या कडेने तीन मीटर रुंद जाळरेषा, म्हणजे आग अडावी म्हणून गवत काढलेली पट्टी, साफ करा. पावसाळ्यातही ऑगस्टच्या सुमाराला एक कापणी हवी, त्यानेच फुटवे वाढून ओळ दाट होते.

कलमांच्या बाबतीत एक अडचण खरी आहे. वाळ्याला सावली सोसत नाही. कलमं लहान आहेत तोवर ओळ दोन रांगांच्या मधून गेली तर चांगली वाढेल, पण दहा-बारा वर्षांनी फांद्या भिडल्या की खालचा वाळा विरळ होऊन मरतो. तोवर वरच्या अंगाला गाळ साठून पायरी बनलेली असते, पण ती पायरी उघडी पडता कामा नये. छाटणी करून ओळीवर ऊन राहू द्या, किंवा पायरीच्या तोंडाला गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांची बुटकी भिंत, घाला. नाचणीला वाळ्याचा फारसा त्रास नाही. मुळं सरळ खाली जातात, फक्त लगतची एक ओळ थोडी खुजी राहते. नांगर ओळीपासून हातभर दूर फिरवा, मात्र दर वर्षी त्या अंतरावर नांगराची एक रेघ नक्की मारा म्हणजे वाळा रुंद होऊन रान खाणार नाही.

मुळं विकता येतील का, हा प्रश्न पुढे येईलच. बांधाच्या ओळीतली मुळं काढू नका. मुळं काढायला फूट-दीड फूट माती उकरावी लागते, म्हणजे धरून ठेवलेली माती आपल्याच हाताने सैल केली. तेलासाठी किंवा माठासाठी वाळा हवा असेल तर खालच्या सपाट तुकड्यात वेगळा लावा.

वाळा मिळालाच नाही तर गवती चहा चार-पाच टक्के उतारापर्यंत चालतो. त्याची मुळं उथळ असतात, पण पात विकता येते. गिनी किंवा नेपियर चाऱ्याला उत्तम, बांधाला नाही. ती आडवी पसरतात, पिकाचं खत खातात आणि चाऱ्यासाठी बुडापासून कापली की ऐन पावसात ओळ उघडी पडते.

राहिला सोसायटीमागचा उतार. टेकडी कापून केलेल्या मातीच्या उतारावर वाळा वरवरची वाहून जाणारी माती आणि उथळ घसरण थोपवतो. तिथे दर एक मीटर उंचीला ओळ, ठोंब दहा सेंटिमीटरवर, आणि ओळींमध्ये काथ्याची जाळी खिळ्यांनी बसवून घ्या. सगळ्यात वर, कापाच्या माथ्यामागे, पाणी बाजूला नेणारा पक्का नाला आधी करा, त्याशिवाय ओळी धुऊन जातील. उताराच्या पायथ्याला संरक्षक भिंत असेल तर तिची पाणी निघायची भोकं पावसाळ्याआधी मोकळी करा. बुजलेल्या भोकांमुळे मागे पाणी दाटतं आणि भिंत पुढे झुकते. लागवड सोसायटीच्या हद्दीतच करा. घोडबंदर रोडच्या बाजूला येऊरची टेकडी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येते, तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय काही लावता किंवा खणता येत नाही.

पण अख्खा उतार खोलवर भिजून सुटतो तेव्हा गवताचा उपयोग नसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर आलेली दरड वाळ्याच्या ओळींनी थांबणारी नव्हती. तुमच्या कापाच्या माथ्यावर जमिनीला भेगा पडल्या असतील, झाडं किंवा विजेचे खांब कलले असतील, किंवा पायथ्याशी अचानक गढूळ झरा फुटला असेल तर लागवडीचा विषय बाजूला ठेवा. त्या बाजूच्या खोल्या रिकाम्या करा, महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला कळवा आणि भूगर्भतज्ज्ञाकडून उतार तपासून घ्या. भेगांत पाणी जाऊ नये म्हणून त्या चिकणमातीने ठासून वर ताडपत्री घाला, आणि कापाच्या माथ्यावर राडारोडा, कुंड्या किंवा पाण्याच्या टाकीचं वजन असेल तर ते उतार तपासणाऱ्याला आधी दाखवा.